फोंडूचा घोडा

घोडे वर्षभर देवळाच्या माळ्यावर असतात.
लाकडी तोंडं, बांबूच्या फासळ्या,
उंदरांनी कुरतडलेली आयाळ.
शिगम्याच्या आदल्या रात्री शिडी लावून
एकेक खाली घेतात, फडक्यानं पुसतात
आणि ज्याचा त्याला देतात.

अठ्ठ्याऐंशी साली चौथा घोडा खाली आला
आणि कोणी हात पुढे केला नाही.

हवालदार फोंडू राघोबा गावस.
बेळगावला भरती झाला तेव्हा मिसरूड नव्हतं,
पेन्शनला चौदा महिने उरले होते.
शिगम्याला सुट्टी मिळायचीच असं नाही.
मिळाली की वाळपईच्या शेवटच्या बसनं यायचा,
काळी ट्रंक डोक्यावर,
घरी जायच्या आधी देवळात, घोडा बघायला.
शेवंती वहिनी म्हणायची, माझ्याआधी ते लाकूड.

नाचात चार पावलं पुढे, चार मागे.
आम्ही पोरं नुसती पुढेच धावायचो, तलवार उगारून.
तो ओरडायचा:
अरे, मागे येणं हाही नाचच आहे!

श्रीलंकेहून एकच पत्र आलं.
ओसरीवर मीच वाचून दाखवलं.
इथं सगळं आपल्यासारखंच. माड, फणस, काजू, लाल माती.
बायका झावळ्या विणतात, वर बघत नाहीत.
झाडीत कोण आहे ते कळत नाही.
वाटतं, आपल्याच गावात बंदूक घेऊन शिरलोय.
आईला सांग, भात मिळतो.

शेवटची ओळ तेवढी मोठ्यानं वाचली.
मधलं गाळलं.

दिवाळी संपता संपता जीप आली.
वाटेवर नरकासुराचा सांगाडा अर्धवट जळून पडला होता,
तो आधी बाजूला करावा लागला.
कलशाला लाल फडकं. कागदावर पत्ता:
गोवा, दमण आणि दीव.
मे महिन्यातच आम्ही राज्य झालो होतो,
फौजेच्या वहीत ते पोचलं नव्हतं.
काकीनं समुद्र एकदाच पाहिलेला, मिरामारला.
तिनं विचारलं, त्याच्या पलीकडे किती?
साहेब टोपी हातात घेऊन म्हणाला,
फार लांब नाही, आई.

तर तो घोडा. गावकरांनी माझ्यापुढे धरला.
काथ्याचा पट्टा, डाव्या अंगाला गाठ,
फौजेत शिकून आलेली कसलीतरी,
ओढली की घट्ट,
सोडायला जावं तर तोंडच सापडत नाही.
सोळा वर्षं बंदूक वागवली त्यानं.
कोणाला मारलं, मारलं का, कधी बोलला नाही.
त्यानं मारलेलं मी पाहिलं ते एवढंच:
ही गाठ.

पहिल्या वर्षी घोडा गुडघ्यांवर आपटत राहिला.
त्याची कंबर भरदार, मी पोफळीसारखा.
पंचा गुंडाळून आत कोंबला. गाठ सोडली नाही.
चौतिसाव्या वर्षी पट्टा नेमका बसला.
त्या शिगम्याला मी कोणाशी फारसं बोललो नाही.
आता पोट सुटलंय, काथ्या कातडीत रुततो.
घरी आल्यावर बायको वळावर खोबरेल लावते,
तीही काही म्हणत नाही.

यंदा पुढची पावलं पडतात,
मागे येताना गुडघा दगा देतो.
म्हणून सुलोचनाचा मुलगा आलाय.
पर्वरीला नोकरी, कानात ते वायर नसलेलं काहीतरी.
आजोबा त्याला ठाऊक तो फक्त फोटोतला, वर्दीतला.
पण छाती तीच. उभं राहणं तेच,
एक पाय जरा बाहेर.
घोडा अंगावर चढवतो, ओढून बघतो,
म्हणतो, आबा, पट्टा बसत नाही.
कोयती आणतो, कापू.

बाहेर ढोलवाले शेकोटीवर कातडं तापवताहेत.
थांब, म्हटलं.
बत्ती इकडे धर.
आधी नखानं बघू.