खिडकी बंद

दाबोळीची सकाळ नौदलाची.
दुपारी साडेबाराला धावपट्टी आमच्या हाती येते
आणि माझ्या हाती पंचवीस मिनिटे.
तेवढ्यात एकशे ऐंशी उतरवायचे, एकशे ऐंशी चढवायचे,
पुढच्या दाराला जिना, मागच्याही दाराला,
आणि मधल्या वेळात हवाईसुंदऱ्यांनीच ओणवे होऊन
सीटखालची काजूची सालं वेचायची.

"उभे विमान खाते, उडते विमान कमावते,"
तनेजासाहेब म्हणाले होते ट्रेनिंगमध्ये.
तिकीट नऊशे नव्याण्णव, ते आमिष.
मग पाणी साठ, उपमा दोनशे,
पाय पसरायची जागा सहाशे,
खिडकी साडेतीनशे.
विमानसुद्धा आपले नसावे, म्हणाले.
कारखान्यातून आले त्याच दिवशी विकायचे
आणि घेणाऱ्याकडूनच भाड्याने चालवायचे.
आमची शेजारीण फिलोमेना
बायणातले घर विकून त्याच घरात भाड्याने राहायची.
तिला आम्ही बुडाली म्हणायचो.
साहेब त्याला मॉडेल म्हणाले.

मार्चमध्ये इंधनाच्या टँकरवरचा रोझारियो
नळी खांद्यावर घेऊन उभाच राहिला. जोडेना.
"आज उदार ना, बाय. पयलीं पयशे."
मॅनेजरने चार फोन केले, मान पुसली,
शेवटी जादा सामानाची रोकड मोजून दिली.
तेवढ्यात आले तेवढेच भरले.
विमान सत्तर मिनिटे उभे राहून खात होते.
उशिराच्या कारणात मी लिहिले: हवामान.
वर एक ढग नव्हता.

त्याच आठवड्यात सगळ्यांना मेल:
निकाल जाहीर होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद.
कर्मचारी, त्यांचे पती, पत्नी, आईवडील,
कोणीही कंपनीचा शेअर विकू नये, घेऊ नये.
माझे चारशे होते, बोनसऐवजी मिळालेले.
मला हसू आले.
कंपनीची ही पहिलीच खिडकी
जिचे साडेतीनशे लागत नव्हते.

शुक्रवारी साहेबांची बॅग विमानात राहिली.
बोगमाळ्याच्या हॉटेलात मीच नेऊन दिली.
ते गुडघाभर पाण्यात, एका हातात बूट, दुसऱ्यात फोन.
"सगळे," म्हणाले. "आजच. साडेतीनच्या आत."
मला वाटले, सुंगटे मागवतायत.
मला शंभराची नोट दिली.
मी घेतली.

मेमध्ये विमाने बसली.
शेअर एकशे चाळिसाचा नऊवर आला.
विंडो उघडली तेव्हा
बाहेर बघण्यासारखे काही उरले नव्हते.

मग मुंबईहून सेबीचे दोघे आले.
मेव्हण्याच्या नावावरची विक्री, शुक्रवार,
तीन वाजून अकरा मिनिटे.
"साहेब नेमके काय बोलले?"
मी शब्दन् शब्द सांगितला, सुंगटांसकट.
त्यातला तरुण होता त्याने ते लिहूनही घेतले.
"आणि तुम्ही? जाहीर न झालेले काही तुम्हाला ठाऊक होते?
कोणाला सांगितले?"
"नाही."

पण रोझारियोने नळी जोडली नाही त्या रात्री
मी चिखलीला मावशीला फोन केला होता.
तिला मेमध्ये बंगळूरला जायचे होते, नातवाची मुंज, चार तिकिटे.
म्हटले, विमानाचे काढू नकोस, वास्कोहून रेल्वेने जा.
"का गो?"
"विमानात उकडते."
तिचे सहा हजार चारशे वाचले.
त्याच रात्री कुठल्या कुठल्या गावांतून
लोकांनी मेची तिकिटे काढली असतील, स्वस्त म्हणून, आधीच.
त्यांच्या पैशांतून माझा मार्चचा पगार झाला.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. तिथे वीस मिनिटे देतात.
आमचे शेवटचे विमान कुंपणाकडे अजून उभे आहे,
इंजिने मालकांनी काढून नेली,
त्या जागी निळे प्लास्टिक फडफडते.
खिडक्यांच्या झापा सगळ्या खाली,
एक सोडून.
जाता येता मी खालून मोजते, ती कितव्या रांगेतली.
दर वेळी वेगळा आकडा येतो.