ताठ कपडे

नारीनमध्ये आज उणे बावीस.
बुरुलचा तारेवरून कपडे काढत नाही,
माणसं उचलून आणते एकेक:
मिर्लानची पँट काखेत, फळीसारखी,
जुळ्यांचे सदरे हात पसरून.
"वाकवू नकोस गं, बाही मोडेल!"

चुलीभोवती सगळे उभे राहतात,
मग हळूहळू गुडघ्यांत खचतात.
सेजिम हसून हसून लोळण घेते.

निळ्या जाकिटाच्या कॉलरीत
पेनानं चार नावं, तीन खोडलेली.
मोज्यांचा हिशेब या घरात कुणी ठेवत नाही,
पायात दोन असले म्हणजे झालं.

थोरल्याचा शर्ट मात्र
तो मॉस्कोला गेल्यापासून कुणाच्या अंगावर नाही.
तरी ती दर रविवारी धुते,
तारेवर गोठू देते,
आणि दोन्ही हातांनी कवेत धरून
आत आणते.