कोंबड्यांसाठी

गोराईच्या जेट्टीपासून आत, चर्चच्या मागल्या अंगाला
आमचं रेशनचं दुकान.
मी तिथला मापाडी. बारा वर्षं झाली.
डबा ठेवायचा, काटा शून्य करायचा, मग दाणे.
माणसाच्या तोंडाकडे मी बघत नाही,
आकड्याकडे बघतो.

ती आली तेव्हा पडवळाचे मांडव भरात होते.
जेठी उंबरसाडा, जव्हारकडच्या कुठल्याशा पाड्यावरची,
सध्या मिनेझिसच्या वाडीत, पंपाच्या खोलीत.
नवरा आळी खणतो, ही पालक खुडते,
जुड्या बांधते, पहाटेच्या बोटीनं टोपल्या
खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात.
नखांत तिच्या चिखल नव्हता. हिरवं होतं.

लोक म्हणतात, यांचा अंगठा लागत नाही.
लागला. तिसऱ्या खेपेला, पदराला पुसून, लागला.
यंत्राला बाईचा आवाज आहे. ते बोललं:
या महिन्याची उचल पूर्ण झालेली आहे.
"कोन उचलला?" ती यंत्रालाच विचारत होती.

कार्डावर नावं पाच.
सासू आणि दोन पोरं तठं, ही दोघं इथं.
सासूनं दोन तारखेलाच सगळे पंचवीस किलो
नेले होते पाड्यावर, दोन खेपांत, डोक्यावरून.
मी तिला कानमंत्र दिला, सगळ्यांना देतो तोच:
एक तारखेला ये. सकाळीच. सासूच्या आधी.
कार्ड कुठंही चालतं आता.

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
मागे रांग खाकरली.
"मंग दोन तारखेला म्हातारी जाल दुकानात,
तिला ही बाई काय सांगंल?"
यंत्राकडे बोट.

पुढचा, मी ओरडलो.

ती गेली नाही. बाजूला सरून
काट्याखाली सांडलेले दाणे बघत बसली.
"झाडलोट कुठं जाते?"

झाडलोट मी विकतो. लपवत नाही आता.
पोती झटकली, कोपरे झाडले की आठवड्याला
तीनेक किलो निघतं. उत्तनचा एक कोंबडीवाला न्यायचा,
माझी तंबाखू त्यावर सुटायची.
"माना दे," ती म्हणाली.
"कोंबड्यांसाठी."

मिनेझिसच्या वाडीत कोंबड्या नाहीत.
रोपं उकरतात म्हणून तो पाळू देत नाही,
अख्ख्या गोराईला ठाऊक.
तरी मी विचारलं, किती आहेत?
"दोन."

मग दर शनिवारी पिशवी. एकदाही फुकट नेलं नाही,
कधी मुळ्याची जुडी, कधी किडका दुधी,
एकदा नुसतीच लिंबाची पानं,
का ते मला अजून कळलं नाही.

एका शुक्रवारी रात्री काय मनात आलं,
बायकोची चाळण मागून घेतली.
सुतळीचे धागे काढले, उंदराच्या लेंड्या काढल्या,
खडे वेचले, पाखडलं.
बायको म्हणाली, घरचं तर कधी निवडलं नाहीत.

शनिवारी तिनं पिशवी उघडली,
मूठ भरली, उन्हात धरली. बराच वेळ.
"खडे कुठं गेले?"
काढले, मी म्हटलं.
"कोंबडीला खडा लागतो, सायेब.
त्याबिगर तिला दाना जिरत नाय.
येवडा पन माहीत नाय तुला?"
आणि पिशवी परत काट्यावर ठेवून
उभी राहिली. चेहरा असा, की त्या दिवशी
आकडा कितीचा होता मला सांगता येणार नाही.

दुकानाबाहेर रस्त्याची खडी पडली होती.
गेलो, मूठभर आणली, वरून टाकली.
"हां," ती म्हणाली, आणि गेली.

आता चाळतो, पाखडतो,
मग सात-आठ खडे मोजून परत घालतो.
मोठे निवडतो.
अंधाऱ्या खोलीतसुद्धा हाताला लागतील असे.