कमानपाटा

आडगाव नाक्याला माझं दुकान.
ट्रकचे कमानपाटे बसवतो.
कांद्याच्या गाड्या येतात एका अंगावर कललेल्या,
मी गोणपाट अंथरतो, खाली सरकतो,
हाताने चाचपून सांगतो कितवा पाटा गेलाय.
लोखंडाचं सांगता येतं.

पालवी साडेतीन महिन्यांची, पावणेसहा किलो.
रात्री दोनला दूध पिता पिता तोंड सोडते
आणि मागे जाते.
आधी मान, मग पाठ, मग टाचा.
कुशीत मूल उरत नाही,
काहीतरी ताणलेलं उरतं, लालबुंद, ओरडणारं,
आणि रोहिणी माझ्याकडे बघते :
मी नकोय का हिला?

पगारकाकूंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.
सासूबाई म्हणाल्या, हट्टी आहे, बापावर गेलीय.
मामेभाऊ, ज्याला अजून मूल नाही,
तो म्हणाला, घट्ट धर.
घट्ट धरली.
डोक्यामागे तळहात लावून पुढे रेटली.
ती माझ्याहून जोरात मागे आली.
पावणेसहा किलो!
माझ्याच दंडांना घाम.

शनिवारी कॉलेज रोडला, खैरनार मॅडमकडे.
हातात कापडी बाहुली, एका कानाची शिवण उसवलेली.
म्हणाल्या, डोकं मागून दाबलंत
तर बाळ मागेच रेटणार. राग नाही तो,
या वयात अंगच तसं उत्तर देतं.
मानेला नुसता आधार द्या, जोर नको.
दुसरा हात ढुंगणाखाली. गुडघे पोटाकडे येऊ देत.
उचलताना सरळ वर ओढू नका,
आधी कुशीवर वळवा, मग उचला.
दूध झालं की थोडा वेळ उभी धरा,
आंबट वर आलं की छातीत जळतं,
जळत असताना पुढे कोण वाकेल, तुम्ही वाकाल?

मग पालवीचे हातपाय हलवून पाहिले,
डोळ्यांपुढून खुळखुळा नेला, वजनाचा कागद वाचला.
ठीक आहे, म्हणाल्या. पण कधी
सारखीच ताठ राहायला लागली, दूध घेईना,
नजर देईना, तर उद्यावर टाकू नका.
रोहिणीने ते पावतीच्या मागे लिहून घेतलं.
मी नाही लिहिलं. माझं हातांना लक्षात राहतं.

निदान तसं मला वाटायचं.
उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं :
ताणलेल्या पाट्याशी भांडायचं नाही, पोरा.
आधी जॅक लाव, भार उतरव, मग हात घाल.
बावीस वर्षं हेच करतोय
आणि संध्याकाळी हात धुताना
बहुतेक हेही धुऊन टाकतो.

काल पुन्हा दोन वाजता.
मान, पाठ, टाचा.
मी ओढलं नाही.
ती जिकडे चालली होती तिकडेच थोडा गेलो,
मग हळू कुशीवर वळवली,
पाठ माझ्या छातीशी, गुडघे माझ्या तळहातात,
तोंड खिडकीकडे.
खाली हायवे. उड्डाणपुलावर एक मालट्रक.
ढेकर आला, मोठ्या माणसासारखा,
मनगटावर कोमट आंबट दूध,
आणि पाठ सैल पडली.
एकदम नाही. मणक्या-मणक्याने.
ट्रकच्या आवाजावरून कळलं, मागचा डावा पाटा गेलाय.
मी पालवीला तसं सांगितलं.
रोहिणीने झोपेतच विचारलं, काय होतं तिला?
म्हटलं, भार होता. उतरला.

आज सकाळी पुन्हा कमान.
मी तयारच. वळवली, गुडघे वर, ढेकर.
ढेकर नाही.
रडणंही नाही. नुसती मागे, मागे, मागे,
डोळे वर टांगलेले.
वळून पाहिलं तर भिंतीवर
पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हलत होतं.
एवढंच बघायचं होतं तिला.
मग मीच फिरलो.
दुकान उघडायला उशीर झाला.