बंदर, तिसरा मजला, सातपूर

लाकडी ठोकळे हरवले तेव्हापासून
आमच्या बंदरात चिंचोके उतरतात.
तूरडाळ म्हणजे धान्य, शर्टाची बटणं म्हणजे कोळसा.
एक निळं बटण आहे,
ते कुणी खर्च करत नाही.

कुंदाताई धक्का बांधतात, मग भट्टी, मग पुन्हा धक्काच.
मुश्ताक हसत कर्ज काढतो.
मी मासे खारवून ठेवतो,
कारण फेरी संपली की कामगारांना जेवू घालायचं,
असा नियम पुठ्ठ्यावर छापलाय.
आमच्या अंबडच्या कंपनीत
कुठे छापलेला दिसला नाही अजून.

"नाशिकचा समुद्र कुठून सुरू होतो?"
ओजसने विचारलं, बिस्किट चहात बुडवत.
कसाऱ्याखाली, मुश्ताक म्हणाला.
मी म्हटलं, पिंपळगावला,
द्राक्षांच्या कंटेनरला सील लागतं तिथून.
कुंदाताई चिंचोके मोजत राहिल्या.
"नऊ वर्षं न्हावा-शेव्याचे कागद भरतेय.
पाणी नाही पाहिलं."
बिस्किट तुटून कपात पडलं.

पावणेअकराला लाईट गेली.
काळोखात कुणाची तरी बांगडी
पुठ्ठ्याला लागली.

लाईट आली तर निळं बटण
धक्क्याच्या पुढे, जिथे चौकोन संपतात,
नुसत्या टेबलावर.

कुणी काही म्हणालं नाही.
डाव माझा होता.