अठरा सेकंद

मानकापूरच्या हॉलमध्ये एप्रिलचा शेवटचा सामना.
कूलर सहा, त्यातले चालू चार,
आणि टेबलावर मी, ठवकर,
अजनीच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले,
आता दुसऱ्यांची मिनिटं मोजतो.
समोर गुणपत्रक, खाली कार्बन, प्रती तीन.

लीगच्या पुस्तकात, पान एकेचाळीस:
वरच्या कराराला पात्र व्हायचं
तर आठ हंगाम पूर्ण हवेत.
नाहीतर एकाच हंगामात चाळीस सामने,
आणि सामना धरायचा तेव्हाच
जेव्हा खेळाडू वीस मिनिटं मैदानात असेल.
वीस म्हणजे वीस.

सुगत खोब्रागडे, हंगाम चौथा.
इंदोऱ्याचा पोरगा, शिकला ज्या रिंगवर
तिला जाळी नव्हती.
चेंडू आत गेल्याचा आवाजच येत नसे,
म्हणून शाळेच्या स्पर्धांत दर वेळी
टेबलाकडे वळून विचारायचा,
'गेला न, काका?'
आज एकोणचाळीस झालेले. हा चाळिसावा.

त्याच संघात गहलोत, अकरा वर्षं जुना,
गुडघ्याला पट्टा. बेंचवरून टाळ्या वाजवतो,
मनापासून वाजवतो.
त्याचा करार सुगतच्या दुप्पट.
मला नाही येत त्याचा राग.
मी स्वतः हेड क्लार्क झालो तो ज्येष्ठतेच्या यादीनं.
पद्मा बावनकर माझ्याहून हुशार,
पास खरा की खोटा, नुसत्या स्पर्शानं सांगायची.
नऊ वर्षं माझ्या हाताखाली राहिली.
तेव्हा मी म्हटलं नाही, यादी चुकली.
पेढे वाटले.

आणि मर्यादाच नसती, तर
बंगळुरूवाल्यांनी दुसऱ्याच वर्षी उचलला असता त्याला,
इथे उरलो असतो मी आणि चार कूलर.
नियमामुळेच तो आपल्याजवळ राहिला,
राहिला म्हणून
स्वस्त राहिला.

शेवटची तीन मिनिटं. आम्ही बावीसने पुढे.
मालकाच्या खुर्चीमागून हिशेबनीस उठला,
हातात चिठ्ठी, सुपारीएवढी घडी.
प्रशिक्षकानं वाचली, खिशात टाकली,
बदली मागितली.
सुगत बाहेर.
आघाडी मोठी, पोरगा दमलेला, बदली रास्त.
चिठ्ठी देऊ नये असं कुठल्याच पानावर नाही.

तो टेबलाशी आला.
'किती झालं, काका?'
'एकोणीस बेचाळीस.'
बाटलीतलं अर्धं पाणी प्याला,
अर्धं डोक्यावर ओतलं.
'बरं,' म्हणाला, आणि उभाच राहिला थोडा वेळ,
जसं तिकीट घेतल्यावरही
खिडकीपाशी घुटमळतात काही लोक.

शेजारचा घड्याळवाला पोरगा मोबाइलमध्ये.
माझ्या पेनाखाली कोरा चौकोन.
मी एकोणीस बेचाळीसच लिहिलं,
दाबून, तिसऱ्या प्रतीवरही उमटेल असं.

रात्री घरी जाताना
व्हेरायटी चौकात लाल दिवा. आकडे उतरून राहिले होते.
अठरा आले, तसा मी स्कूटर बंद केली.
तेवढ्यात एका बाईनं हेल्मेट काढलं,
केस आवळून बांधले, परत घातलं.
काकडीवाल्यानं काकडी चिरली,
तिखट-मीठ भुरभुरलं, सुटे परत दिले,
आणि तरी दोन सेकंद उरले.
'चला न काका, झोपले काय बे!' मागून हॉर्न.

पहिली प्रत लीगला जाते, दुसरी क्लबला,
तिसरी टेबलवाल्याकडे. ती माझ्या खिशात होती.
तिच्यात खाली एक रकाना असतो, 'शेरा' म्हणून.
चिठ्ठी आली, इतक्या वाजता आली,
एवढंच लिहायचं होतं. खरंच होतं ते.
घरी येऊन दिव्याखाली धरली.
एकोणीस बेचाळीस स्पष्ट उमटलंय.
शेऱ्यात काही नाही.