शाकारणी

घर चार बोटांचं. भिंती थर्मोकोलच्या,
वर बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून दोन पाखी,
आणि छपरासाठी
दारातल्या पायपुसण्याची एक कड, गुपचूप उसवलेली.

काथ्या रात्रभर पाण्यात ठेवायचा.
सकाळी तो सरळ होत नाही,
निदान हट्ट सोडतो.
मग कात्रीने पेराएवढ्या जुड्या,
फेविकॉलची रेघ,
आणि खालून वर, वळचणीकडून आढ्याकडे.
आधी मी वरून खाली लावायचो.
तीन घरं तशी वाया गेली;
छप्पर नाही, भांग पाडलेलं डोकं दिसायचं.

रंग देताना चहाइतकी पातळ तपकिरी शाई.
ती वाळली की जवळजवळ कोरडा ब्रश
राखाडी, फक्त टोकांवरून.
गवत सोनेरी असतं ते दोन महिने.
पुढं सगळं आयुष्य राखाडी.

सदर बझारातली ही खोली.
खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो,
टेबलावरच्या माझ्या डोंगराहून थोडासाच मोठा.

लाइटबिल द्यायला वर आलेला वॉचमन,
गेनू उतेकर, कोयनेच्या फुगवट्यापलीकडचा,
दारातच थांबला.
“ह्ये कुणी शाकारलं?”
मी.
“वळचण आखूड झाली. भित भिजंल.”
म्हटलं, काका, हे टेबल आहे. इथं पाणी येत नाही.
इथं फक्त लढाई होते.
“पाणी न्हाय, तर वारं तरी आसंल की.”

बसला. माझा चिमटा बाजूला सारला.
जाड अंगठ्यांनी आढ्यावर दोरा फिरवून
अशी गाठ मारली
की मला अजून सोडवता येत नाही, बांधता तर नाहीच.
नाव काय हिचं?
“नाव कशाला? गाठ हाय.”
मग जिना उतरता उतरता:
“धुराला वाट ठेव. चूल हाय न्हवं आत?”

आत खोक्यावरची किमतीची चिठ्ठी होती.

रात्री भिंग लावून
तीन मोहऱ्यांची चूल मांडली.
वरून छप्पर ठेवलं. कुणाला दिसणार होती?

रविवारी अझहर मुलाणी आला,
चाळीस घोडेस्वार चपलांच्या खोक्यात घेऊन.
चौथ्या डावात त्याचा पलिता माझ्या गावावर.
गवती छप्पर, फाशावर सहा आला तर पेटलं:
नियम आम्हीच केलेला,
एका शनिवारी, हसत हसत.

सहा.

छप्पर उचलायचं, जागी काळा कापूस ठेवायचा.
मी उचललं.
अझहर वाकला. “हे काय आहे?”
चूल.
कापूस त्याच्या चिमटीत बराच वेळ राहिला.
“नियम आहे यार,” तो म्हणाला.
आहेच की, म्हटलं. ठेव.
त्याने ठेवला, पण कडेला,
चुलीला न लागेल असा.

सोमवारी गेटवर उतेकर.
“टिकलं का?”

भिंत भिजली नाही, मी म्हणालो.